इलुप्पैच्या बुंध्यातला उंबरा

अप्पा, तुम्हाला जाऊन आता बावीस वर्षं होतील, आणि इतक्या वर्षांत तुमच्यावर धड रागवायला मला वेळच मिळाला नाही. आधी तुमचे दिवस घातले, मग ह्यांचं दुखणं निघालं, मग नातवंडं झाली. शिवाय माणूस मेला की त्याच्या फोटोला हार घालावा लागतो, आणि हार घालता घालता भांडण करता येत नाही. आज हार घातलेला नाही. मला लिहिता येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे, तुमचीच कृपा. म्हणून मी बोलते आणि तुमची पणती लिहिते. मी ‘इक्कडे’ म्हटलं की ती ‘इकडे’ लिहिते. म्हणते, आजी, आपली तंजावरी बोली पुस्तकात नसते. मी म्हटलं, मी तरी कुठं पुस्तकात असते? लिही तुला हवं तसं, फक्त राग कमी करून लिहू नकोस.

तुमचं झाडं कापायचं साखळीचं मशीन मला आठवतं. वरच्या डोंगरातल्या कुठल्याशा चहामळ्यातून जुनं घेऊन आलात, आणि ओट्यावर असं मांडलंत जसा काही जावई आणला. पातं जेमतेम हातभर, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. गल्लीतले लोक बघायला आले. एकजण म्हणाला, “मास्टर, ह्यानं काय नारळ सोलणार का?” तुम्ही हसला नाहीत. तुम्ही कधीच हसायचा नाहीत, हसण्याचं खातं आमच्याकडे होतं. पण त्या हातभर पात्यानं तुम्ही कावेरीकाठचे तीन-तीन हात रुंदीचे मरुदम, म्हणजे अर्जुनवृक्ष, आडवे केलेत, आणि हव्या त्या जागी केलेत. एकदा तर गोठा आणि विहीर यांच्यामधल्या पट्टीत, जिथे मी चार पापडसुद्धा वाळत घातले नसते. तुम्ही कारागीर होतात. रागात आहे म्हणून हे नाकारणार नाही. उलट तेवढ्यासाठीच जास्त रागवलेय. अडाण्यानं चूक केली तर चूक, जाणत्यानं केली आणि दुसऱ्याच्या पदरात टाकली तर ती नुसती चूक राहत नाही.

ती विद्या तुम्ही मला शिकवली नाहीत. माझ्यासमोर सुरणाला शिकवलीत. अम्मा गेल्यानंतर स्वयंपाक माझ्याकडे आला होता, लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेले तरी तुमचा डबा माझ्याकडेच होता. मोठं झाड ठरलं की तुम्ही स्वयंपाकघरात येऊन माझ्या टोपलीतला सर्वांत मोठा सुरण उचलायचा, माझी सर्वांत आखूड सुरी घ्यायचा, आणि उंबऱ्यावर बसून स्वतःशीच बोलत तो कापायचा. मी तिथेच चूल फुंकत असायची. झाडाभोवती दोरी गुंडाळायची, काढून तिच्या तीन घड्या करायच्या. एक घडी म्हणजे झाडाची रुंदी, बोट-दोन बोटं इकडेतिकडे. दोन पात्यांची लांबी त्या घडीहून जास्त भरली तर चिंता नाही, दोन्ही अंगांनी कापत या, मधे गाठ पडते. कमी भरली तर मात्र झाडाच्या पोटात एक खांब न कापता उभा राहतो. बाहेरून दिसत नाही. तुम्हाला वाटतं झाड सुटलं, आणि त्यानं आतून धरलेलं असतं. म्हणून पडायच्या बाजूला आधी झाडाचं तोंड उघडायचं, आणि त्या तोंडातून पात्याचं टोक सरळ आत खुपसून पोटातला खांब पहिल्यांदा कापायचा. टोकाच्या खालच्या ओठानं सुरुवात करायची. वरच्या ओठानं शिवलं तर मशीन उसळी घेऊन तुमच्याच तोंडावर येतं. मग मागच्या अंगानं थोडं वर कापायचं. एका बाजूनं आत जायचं, पाचर ठोकायची, वळसा घालून दुसऱ्या बाजूला त्याच उंचीवर यायचं. आणि तोंड आणि पाठ यांच्यामधे लाकडाची एक पट्टी शिल्लक ठेवायची. तिला इतर लोक काय म्हणतात मला माहीत नाही. तुम्ही तिला उंबरा म्हणायचा. “झाड उंबऱ्याला अडखळून पडलं पाहिजे. उंबरा गेला की ते कुठूनही घराबाहेर पडतं.”

मी एकदा विचारलं होतं, “पोट आधीच पोकळ केलं तर उंबरा मधे तुटका नाही का राहत?” तुम्ही सुरी थांबवून माझ्याकडे बघितलंत. म्हणालात, “राहतो. डावा तुकडा आणि उजवा तुकडा. दोन्ही सारखे हवेत.” आणि मग जणू काही जास्त दिलं गेलं असं वाटून, “तुला काय करायचंय? सांबारात टाक तो.” टाकला. तुमच्या झाडांचा सांबार आम्ही वर्षानुवर्षं खाल्ला, अप्पा. घसा खवखवायचा.

चुन्याचं काम माझ्याकडे कसं आलं ते तुम्ही विसरला असाल, मी नाही. आखूड पातं पूर्ण लाकडात बुडलं की त्याचं टोक कुठे पोचलं ते कापणाऱ्याला दिसत नाही. म्हणून सालीवर दोन्ही अंगांना उभी रेघ हवी, इथे उंबरा सुरू, पुढे यायचं नाही. तुमच्या पानाच्या डबीतला चुना बोटावर घेऊन मी त्या रेघा ओढायची. मुलगा नव्हता तुम्हाला, आणि मजूर रेघ तिरकी ओढायचे. माझी सरळ यायची, रोज दारात रांगोळी काढणारीची रेघ ती. मग मी बाजूला उभी राहायची आणि पातं रेघेशी आलं की हात वर करायची. शाळेतून तुम्ही मला पहिलीतच काढलंत तेव्हा पाटीवर एक उभी रेघच काढायला शिकले होते. ती तरी कामाला आली.

आता तो दिवस. तिरुनीलक्कुडीच्या शेताच्या बांधावरचा इलुप्पै, मोहाचं झाड, दोरीची घडी बरोबर तीन हात. मी डबा आणि चुना दोन्ही घेऊन गेले. बांधावर जमीनमालकाचे पाहुणे खुर्च्या टाकून बसले होते, आणि लांब पश्चिमेला आमचे दोरमामा झाडाच्या शेंड्याला बांधलेला दोर ताडाला वळसा देऊन उभे होते. दोरमामा तमिळ माणूस, तुमच्याबरोबर वीस वर्षं दोर धरणारा. आम्ही मुलं मामा म्हणायचो, त्यांना मराठी एक अक्षर येत नव्हतं. तुम्ही दक्षिणेला तोंड उघडलंत, पोट कापलंत, सगळं सुरणासारखं सुरेख. मी चुना घेऊन पुढे झाले तसा खुर्चीतला एक पाहुणा तमिळमधे ओरडला, “काय मास्टर, कुठवर कापायचं ते लेकीला विचारता का?” सगळे हसले. तुमचे कान लाल झालेले मी बघितले. तुम्ही मला म्हणालात, “डबी ठेव. जाऊन डब्याशी बस.” मी म्हटलं, “अप्पा, रेघ—” “बस म्हटलं ना!”

मी बसले. माझं चुकलं ते हे, की मी बसले. तुम्ही पश्चिमेचं अंग कापलंत, पाचर ठोकलीत, वळसा घालून पूर्वेला गेलात, आणि मी बसल्या जागेवरून बघतेय की पातं फार पुढे चाललंय, फार पुढे, टोक आत कुठे आहे देव जाणे. मी हात वर केला. तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात, खुर्च्यांकडे बघत होतात. मग ‘टक्’ असा आवाज झाला, लहानसा, फणी मोडल्यासारखा. झाड तुम्ही सांगितलं होतं तिकडे निघालं आणि अर्ध्यात पश्चिमेला फिरलं. मी ओरडले. दोरमामा जागचे हलले नाहीत. दोन्ही टाचा मातीत रोवून दोर धरून उभे राहिले, आणि वरची फांदी त्यांच्या कमरेवर आली.

माणसं धावली. बैलगाडीवर दार टाकून त्यांना नेलं. आणि ते उचलून नेत असतानाच, खुर्चीवाल्या पाहुण्यांसमोर, तुम्ही म्हणालात ते शब्द मला आजही सूर चढवून म्हणता येतात: “पोरगी किंचाळली आणि झाड फिरलं. बाईमाणसाचा आवाज झाडावर पडला की असं होतं.” जो तुम्हाला हसला होता तोच मान हलवत म्हणाला, “खरंय मास्टर.” कसं खरंय? झाडाला कान असतात का, अप्पा? असते तर तुमच्या मशीनच्या आवाजानं ते आधीच बहिरं झालं असतं.

सगळे गेले. मी डबा गोळा करायला मागे राहिले आणि बुंध्यापाशी गेले. वाचता येत नाही मला, पण बोटं मोजता येतात. पश्चिमेचा उंबऱ्याचा तुकडा माझा पंजा आडवा ठेवला तर पुरून उरत होता. पूर्वेचा दोन बोटं. तिथला तुकडा आधी तुटला, पश्चिमेच्यानं धरून ठेवलं, आणि झाड जिकडून धरलं होतं तिकडे फिरलं. एवढंच. त्यात माझा आवाज कुठेच नव्हता, मी बोट घालून बघितलं. संध्याकाळी तुमच्या ताटात भात वाढताना मी तुम्हाला ते सांगितलं. तुम्ही घास खाली ठेवलात आणि म्हणालात, “चार अक्षरं येत नाहीत आणि झाड वाचतेस?”

शाळेतून काढणारा कोण होता, अप्पा? ती पहिलीतली पाटी कुणी माळ्यावर टाकली?

चार दिवसांनी तुम्ही माणसं लावून तो बुंधा मुळासकट खणून काढलात. कुणी सांगितलं नव्हतं. तीस वर्षांच्या धंद्यात तुम्ही एकही बुंधा खणला नव्हता, आणि हा एक खणलात. वर आमच्या घरात नियम आला: झाड पडताना बाईमाणूस दोराच्या लांबीच्या आत नको. नियमाचं पीक काय भराभर वाढतं! तुमच्या नातवानं तो दुधाबरोबर प्यायला. मी त्याची आई, आणि माझ्याच ओट्यावर बसून तो पाहुण्यांना सांगायचा, “आमच्या आजोबांचा नियम आहे. एकदा आईच्या ओरडण्यानं अपघात झाला होता.” मी कॉफी द्यायची. चाळीस वर्षं मी ह्या गोष्टीबरोबर कॉफी दिली.

आता ही जी लिहितेय ना, ही त्याची मुलगी. मशीनचं शिक्षण घेतलंय, आपल्याच दुकानात बसून अख्ख्या कुंभकोणमच्या साखळ्यांना धार लावते. तुमच्यासारखीच हसत नाही. काम करताना जीभ दातात धरते, तेवढी माझ्यावर गेली. कापणारे तिच्याकडे शिकायला येतात आणि ती शिकवते, पण स्वतः झाडापाशी जायचं तर फाटकाबाहेर. तुमचा नियम. मागच्या महिन्यात साक्कोट्टैला एका लग्नाच्या हॉलमागचं तूंगुमूंजी वाऱ्यानं कललं, स्वयंपाकाच्या शेडवर. संध्याकाळी पानं मिटून झोपणारं झाड ते, पण खोड कसलं! घडी तीन हातांहून थोडी जास्त. लांब पात्याचं मशीन बिघडलेलं, झाड थांबायला तयार नाही, आणि तुमच्या नातवाच्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं, त्याला मशीन छातीपर्यंतही उचलवत नव्हतं. कापायला आलेला माणूस म्हणत होता, दोन्ही अंगांनी गोल कापत जाऊ, पडेल. ही फाटकाबाहेरून ओरडत होती, “बाबा, पोट राहील! तोंडातून पोट आधी काढा!” शेवटी काम सकाळवर ढकललं, हे सगळं मला रात्रीच्या जेवणाला कळलं. बापलेक एकमेकांकडे न बघता रसम वाढून घेत होते. तो म्हणाला, “तुला सगळं येतं, मला माहीत आहे. पण मी आजोबांचा शब्द मोडणार नाही. काही झालं तर लोक काय म्हणतील, की पुन्हा बाईच्या पायगुणानं झालं. ते मी तुझ्यावर येऊ देणार नाही.” मग ही शांतपणे म्हणाली, “मग मी चेन्नईला नोकरी बघते.” आणि उठून हात धुतले.

सकाळी मी रिक्षा करून साक्कोट्टैला गेले. हॉलमधली प्लास्टिकची खुर्ची मागून घेतली आणि नेमकी दोराच्या लांबीच्या आत टाकून बसले. तुमचा नातू धावत आला. “आई, हे काय? बाहेर बस.” मी म्हटलं, “अरे, मी ह्या धंद्यात तुझ्या आधीची आहे.” आणि मग मी तमिळमधे बोलले, मुद्दाम, सगळ्या मजुरांना कळावं म्हणून. पाहुण्यांचं हसणं सांगितलं. चुन्याची डबी सांगितली. पंजा आडवा करून दाखवला, मग दोन बोटं दाखवली. खणून काढलेला बुंधा सांगितला. म्हटलं, “माझ्या बापानं उंबरा कापला आणि दोष माझ्या घशावर टाकला. तो नियम म्हणजे त्या बुंध्याच्या खड्ड्यावर टाकलेली माती आहे.” तुमच्या नातवाचा चेहरा असा झाला की क्षणभर मलाच वाईट वाटलं. तो हळूच म्हणाला, “हे तू आत्ता सांगतेस, आई? इतक्या वर्षांनी?” मी म्हटलं, “तू कधी विचारलंस?” तो फाटकाकडे वळून मुलीला म्हणाला, “चुना कुठे मिळतो बघ.” ती म्हणाली, “बाबा, हल्ली खडू मिळतो.”

रेघा मी ओढल्या. रेघ अजूनही उभी आली. तिनं तोंड उघडलं, टोकाच्या खालच्या ओठानं पोटात शिरली, जीभ दातात धरून. दोन्ही अंगांनी कापताना तिनं दर वेळी आधी माझ्या हाताकडे बघितलं. झाड उंबऱ्याला अडखळलं आणि मोकळ्या अंगणात आडवं झालं. शेडचं एक कौल हललं नाही. तुमचा नातू बुंध्यापाशी गेला आणि दोन्ही तुकड्यांवर पंजा ठेवून बघितला.

इथे संपवायला हवं होतं. पण घरी येताना रिक्षात हिनं विचारलं, “आजी, तेव्हा तू ओरडलीस ते काय ओरडलीस?” मी म्हटलं, “‘ओडु’ म्हणाले. पळा म्हणाले.” ते खोटं होतं. घराबाहेर मी जन्मभर तमिळ बोलले, पण त्या दिवशी भीतीनं तोंडाला आली ती घरची भाषा. मी “पुढे! पुढे!” ओरडले. पुढे सरा, तिथून निघा. आमच्या तोंडात ढ नीट येत नाही, त्याचा ड होतो. दोरमामांनी ऐकलं “पुडी! पुडी!” तमिळमधे धर, घट्ट धर. आणि त्यांनी धरलं. दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा ते मला म्हणाले, “तू धर म्हणालीस ना बाळे, मी सोडलं नाही बघ.” अभिमानानं म्हणाले. मी त्यांना शब्द समजावून सांगितला नाही. ते काठी घेऊन एकोणीस वर्षं जगले आणि दर दिवाळीला मी फराळ घेऊन गेले, आणि एकाही दिवाळीत सांगितला नाही.

तेव्हा तुम्ही दवाखान्याच्या दारात उभे होतात, अप्पा. तुम्हाला दोन्ही भाषा येत होत्या. तुम्ही ऐकलंत. खोटी गोष्ट गावभर सांगितलीत आणि ही खरी एकदाही तोंडातून काढली नाहीत, माझ्याशीसुद्धा नाही. माझ्यासाठी गप्प राहिलात, की शब्दाची गोष्ट निघाली असती तर झाड मुळात फिरलं का हेही कुणी विचारलं असतं म्हणून, हे मला ठरवता येत नाही. दया असेल तर तिनंही राग निवत नाही. उंबरा तुम्ही कापलात. पण त्यांचे पाय मातीत रोवले ते माझ्या शब्दानं.

हे ऐकताना हिनं लिहायचं थांबवलं होतं. मी म्हटलं, हे शेवटचं नको लिहूस ग, साक्कोट्टैच्या झाडापर्यंतचं राहू दे. तिनं कागद उलटला. आता ती माझ्याकडे न बघता लिहितेय. काय लिहितेय, मला कळायचं नाही.